माई बसल्या की गाडी ओढायची

या सदरात छापून येणारे अनुभव मी नेमाने वाचतो आणि, खोटं कशाला बोलू, बहुतेक वेळा हसतो. कोणाला विहिरीवर बाई दिसली, कोणाच्या मागे पावलं वाजली... माझा जन्म मोटारी दुरुस्त करण्यात गेला. मोटार आवाज करते, वास सोडते, तापते, पण कारणाशिवाय काही करत नाही. कारण सापडलं नाही तर दोष मिस्त्रीचा, गाडीचा नाही, असं मी आयुष्यभर मानत आलो. आजही मानतो... एक गाडी सोडून.

गोष्ट बऱ्हाणपूरची. दुसरी लढाई पेटायच्या दोनेक वर्षं आधीची, साहेबाचं राज्य होतं तेव्हाची. आज जिथे नेपानगर आहे तिथे तेव्हा नुसतं रान होतं. मी भुसावळला रेल्वेत आठ वर्षं फिटरकी करून गावी परत आलो होतो आणि शनवारा दरवाज्याच्या बाहेर पत्र्याची शेड टाकली होती. गावात मोटारी मोजून दहा-बारा. त्यातल्या नऊ माझ्याकडे यायच्या. ही बढाई नाही... बरं, थोडी आहे. पण खंडव्याहून, रावेरहून लोक गाडी घेऊन यायचे आणि "मिस्त्री, तुम्हीच बघा" म्हणायचे, हेही तितकंच खरं.

तर एक दिवस अनंतराव वकील त्यांची नवी गाडी घेऊन आले. नवी त्यांना, गाडी जुनी. कुठल्याशा छोट्या संस्थानाच्या दिवाणांनी वापरलेली, कापडी छताची, चारही चाकांना ब्रेक असलेली. अनंतराव म्हणजे कोर्टात समोरच्याला घाम फोडणारा माणूस. त्या दिवशी घाम त्यांनाच फुटला होता.

"मिस्त्री, ही गाडी डावीकडे ओढते," ते म्हणाले. "स्टिअरिंग सरळ धरून धरून खांदे भरून आले. खंडव्याच्या माणसाने दोनदा बघितली. त्याने पुढच्या चाकांचा दांडा ठोकून दिला, तरी तेच."

"ठेवून जा," मी म्हणालो.

गाडी एका बाजूला ओढते म्हटलं की कच्चा मिस्त्री लगेच हातोडा घेतो. मी आधी रस्ता तपासतो. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे डाव्या बाजूने चालणारी कुठलीही गाडी थोडी डावीकडे जातेच. म्हणून मी ती रस्त्याच्या मधोमध चालवली, मग उजव्या कडेने चालवली. दोन्ही वेळा किंचित डावीकडेच जात होती. मग टायरची हवा बघितली, पुढची चाकं डावी-उजवी बदलली. दोन मैल ब्रेक न लावता चालवून चारही ड्रमना हात लावला. एखादं चाक आतल्या आत ब्रेक धरून बसलेलं असेल तर ते तापतं. सगळी थंड होती. शेवटी सुतळी घेतली आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजलं. डावीकडे बोटभर कमी भरलं!

डाव्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, पाटे ज्या बोल्टने एकत्र धरलेले असतात तो आतून तुटला होता. वरून काही दिसत नव्हतं. पण त्यामुळे पुढचा सगळा दांडा डावीकडून मागे सरकला होता. नवा बोल्ट मी स्वतः घडवला, पाटे साफ करून बसवले, पुन्हा सुतळी लावली. केसाचाही फरक नाही. गाडी घेऊन लालबागेपर्यंत गेलो, स्टिअरिंगवरून दोन्ही हात काढले. गाडी रुळावरून चालल्यासारखी सरळ. त्या दिवशी मी घरी शीळ वाजवत गेलो.

चार दिवसांनी वकीलसाहेब परत हजर.

"ओढते," ते म्हणाले.

"शक्य नाही."

"मी खोटं बोलतोय का?"

मी त्यांना शेजारी बसवलं आणि गाडी स्वतः हाकली. सरळ. त्यांना चालवायला दिली. सरळ. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "काल इच्छापूरला जाताना ओढत होती," ते पुटपुटले. "शपथेवर सांगतो."

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा ते गाडी शेडसमोर सोडून टांग्याने कोर्टात गेले. मी गाडीच्या पायरीवर बसून राहिलो होतो. दुपारी सुभद्रा, माझी बायको, डबा घेऊन आली.

"काय हो, तोंड पाडून बसून राहिले?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने भाकरी सोडली, चटणी वाढली आणि सहज म्हणाली, "ओढते तेव्हा गाडीत कोण बसून राहते?"

"म्हणजे?"

"तुम्ही दोघं बसता तर नाही ओढत ना? मग इच्छापूरला जाताना अजून कोण राहते?"

मी घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिलो. आठ वर्षं रेल्वेत काढलेला माणूस मी, आणि हे मला सुचलं नव्हतं.

इच्छापूरच्या देवीला अनंतरावांच्या आई जायच्या. गावात सगळे त्यांना माई म्हणत. साठीच्या, बारीक अंगाच्या, बोलायला खट्याळ. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो आणि हात जोडून म्हणालो, "माई, तुम्ही गाडीत बसलात की गाडी ओढते असा मला संशय आहे. जरा चक्कर मारायची आहे."

"एवढी का मी जड?" त्या म्हणाल्या, आणि पदराच्या गाठीला फुटाणे बांधून गाडीत येऊन बसल्या.

वकीलसाहेब कोर्टात होते. गाडीत आम्ही दोघंच. शाहपूरच्या रस्त्याला लागलो आणि तापीवरचा रपटा, म्हणजे पावसात बुडणारा ठेंगणा पूल, ओलांडून जेमतेम एक मैल गेलो असू... स्टिअरिंग माझ्या हातात डावीकडे फिरायला लागलं.

हिसका बसला नाही, हेही सांगून ठेवतो. एखाद्या लहान मुलाने बोट धरून ओढावं तशी ती ओढ होती. सोडत नव्हती, पण दांडगाईही नव्हती. मी कापूस तोलायचा स्प्रिंगचा काटा बरोबर घेतला होता. गाडी हळू ठेवून त्याचा आकडा स्टिअरिंगच्या कडेला अडकवला आणि स्टिअरिंग सरळ राहील इतका ताण दिला. दोन शेरांच्या वर.

माईंना डावीकडून उजवीकडे बसवलं, तेवढाच ताण. पुढे माझ्या शेजारी बसवलं, तरी तेवढाच. मग त्यांना शाहपुरात ओळखीच्या घरी उतरवलं आणि त्यांच्या जागी त्यांच्या वजनाइतकी सरकीची पोती ठेवून तोच रस्ता पुन्हा चाललो. काटा शून्यावर.

माईंना घेतलं आणि गावाकडे परत निघालो. आणि तिथे खरा धक्का बसला. येताना गाडी उजवीकडे ओढत होती.

वाचकहो, हे नीट लक्षात घ्या. बिघडलेल्या गाडीला फक्त तिचं स्वतःचं डावं-उजवं कळतं. ती डावीकडे ओढत असेल तर जातानाही डावीकडे ओढेल आणि येतानाही. हिचं तसं नव्हतं. जाताना डावीकडे पूर्व होती आणि येताना उजवीकडे पूर्व होती. गाडी डावी-उजवीकडे ओढतच नव्हती. ती पूर्वेकडे ओढत होती! "येताना कुठल्या बाजूला?" एवढा एक प्रश्न मी वकीलसाहेबांना पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. विचारला नाही, याची लाज मला अजून वाटते.

"सापडला का रोग?" मागून माईंनी विचारलं.

"रोग नाही सापडला, माई. पण त्याची दिशा सापडली."

दुसरा कोणी असता तर त्याने लिंबू-मिरची बांधली असती. मी मोजणीदाराकडून होकायंत्र मागून आणलं. इच्छापूरजवळच्या एका पडीक माळावर माईंना घेऊन गेलो आणि गाडीचं तोंड हळूहळू फिरवत थोडं थोडं चालवून बघितलं. एका दिशेला काटा बरोबर शून्यावर येत होता. तिच्या डावीकडे तोंड केलं की ओढ उजवीकडे, उजवीकडे तोंड केलं की ओढ डावीकडे. ती दिशा मी कागदावर उतरवली. दोन दिवसांनी गावाच्या उत्तरेला, असीरगडाच्या पायथ्याशी तेच केलं. तिथली दिशा वेगळी आली, जरा खाली दक्षिणेकडे झुकलेली. माई फुटाणे खात होत्या आणि म्हणत होत्या, "मला काय, फुकटात किल्ला बघायला मिळाला." वकीलसाहेब या दोन्ही वेळा बरोबर नव्हते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्याला महत्त्व आहे.

दोन ठिकाणच्या दोन दिशा मिळाल्या की काम फत्ते. नकाशावर दोन रेघा ओढायच्या. जिथे एकमेकींना कापतील तिथे काहीतरी आहे. काय असेल ते मला माहीत नव्हतं. लोखंडाचा डोंगर असेल, अशी माझी समजूत होती. मग तो माई बसल्यावरच का ओढतो, हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवला होता.

जमिनीच्या खटल्यांमुळे वकीलसाहेबांच्या घरच्या ऑफिसात तालुक्याचा मोठा नकाशा होता. रविवारी सकाळी मी तिथे गेलो. सगळी हकीकत सांगितली, सुतळीची, काट्याची, होकायंत्राची. ते गालातल्या गालात हसत होते. "काढा रेघा," म्हणाले. मी पट्टी लावली. पहिली रेघ ओढली. दुसरी ओढली. पूर्वेला, तुकईथडच्या अलीकडे, एका नाल्याच्या काठी दोन्ही रेघांची फुली पडली. तिथे बारीक अक्षरात एका वस्तीचं नाव होतं. चष्म्याशिवाय मला ते वाचताही येत नव्हतं.

वर बघितलं तर वकीलसाहेबांचं हसू गेलं होतं.

"हे गाव तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कुठलं गाव? मी तर..."

"मिस्त्री, मी रोज कोर्टात खोटे साक्षीदार बघतो. कोणी पढवलं तुम्हाला? माझ्या घरातली गोष्ट भावकीत चघळून झाली, आता तिचा तमाशा करायचा आहे का? गाडीत काय करून ठेवलंय?"

माझ्या कानशिलात मारली असती तरी एवढं लागलं नसतं. मी पट्टी टेबलावर ठेवली. "वकीलसाहेब," मी म्हणालो, "मला शिव्या द्या. पण माझ्या कामाला खोटं म्हणू नका. गाडी तुमची आहे, पान्हे मी देतो. गावातला, खंडव्याचा, भुसावळचा, पाहिजे तो मिस्त्री आणा आणि सगळी गाडी उलगडा. मी काही करून ठेवलेलं सापडलं तर उद्यापासून शेड बंद."

ते काही बोलणार तेवढ्यात दारातून आवाज आला.

"अनंता, काय आहे त्या गावात?"

माई उभ्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे.

"काही नाही, माई. तू आत जा."

"गोदू आहे का?"

मी त्या घरात इतकी वर्षं जात होतो. हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. नंतर कळलं, त्या घरात ते कोणी घेतच नव्हतं. गोदू ही माईंची मुलगी, अनंतरावांची धाकटी बहीण. चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली. विसाव्या वर्षी ती श्रीपत नावाच्या, दुसऱ्या जातीच्या शेतकऱ्याबरोबर निघून गेली आणि त्याच्याशी लग्न केलं. वडिलांनी ती मेली असं जाहीर केलं, घरातल्या सगळ्यांनी अंघोळी केल्या आणि तिचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं. या गोष्टीला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. वडील जाऊनही आठ वर्षं झाली होती.

अनंतराव खाली बघत म्हणाले, "बाबा गेले त्याच्यानंतर तिचं पत्र आलं होतं. पत्ता होता. मी उत्तर दिलं नाही. बाबांना शब्द दिला होता, माई."

"मी दिला होता का?" माई म्हणाल्या. "मला कोणी विचारलं होतं?"

त्या ओरडल्या नाहीत. हे फार हळू म्हणाल्या.

"उद्या सकाळी गाडी काढ," त्या मुलाला म्हणाल्या. "आणि मिस्त्री, तुम्हीही चला. तुम्ही शोधलंय."

सकाळी निघालो. वकीलसाहेबांनी स्वतः स्टिअरिंग घेतलं. माझ्यावर विश्वास बसला नव्हता, आणि ते मला बरंच वाटलं. मी शेजारी, हात मांडीवर. माई मागे. खकनारपर्यंत गाडी एखाद्या शहाण्या बैलासारखी चालली. तोंडच तिकडे होतं, ओढायचं कारण नव्हतं. पुढे नुसती गाडीवाट होती. एका कोरड्या नाल्यापाशी वाट फुटली, एक फाटा डावीकडे, एक उजवीकडे. वकीलसाहेबांनी गाडी उजवीकडे घातली.

आणि स्टिअरिंग डावीकडे वळायला लागलं. ते दोन्ही हातांनी धरून होते. मनगटं थरथरत होती, मानेची शीर फुगली होती.

"वाट हीच आहे," ते दातांवर दात ठेवून म्हणाले.

"अनंता, हात काढ," मागून माई म्हणाल्या.

"माई, गाडी नाल्यात जाईल."

"जाऊ दे. काढ हात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मिस्त्री म्हणून मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "पहिल्या गिअरमध्ये ठेवा, साहेब. हँडब्रेकवर माझा हात आहे."

त्यांनी हात काढले. पेडलवर फक्त पाय होता. स्टिअरिंग सावकाश डावीकडे फिरलं. भेलकांडून नाही हो... चालवायची सवय असलेला माणूस जसं फिरवतो तसं. एक मोठा दगड होता, तो चुकवला. मग सरळ झालं आणि गाडी डाव्या वाटेला लागली. ते सगळे सांधे, रॉड, पिना मी माझ्या हाताने बसवल्या होत्या. मी त्यांना चांगला ओळखत होतो. त्या क्षणी मला त्यांच्यातलं काहीच ओळखू येईना.

दोन फर्लांगांवर कपाशीचं शेत लागलं. वेचणी चालली होती. बांधावर एक चाळिशीची बाई पदर खोचून उभी होती आणि वेचणाऱ्या बायांना दरडावत होती, "ओला कापूस वेगळा ठेवा गं! एकात एक करू नका!" मोटार बघून ती थांबली. वकीलसाहेबांनी ब्रेक लावला.

माई कोणाचा हात न धरता उतरल्या. गाडीत त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या. तशाच अनवाणी निघाल्या. ती बाई हलली नाही. एकोणीस वर्षांनी आई समोर उभी होती, आणि ती पहिलं वाक्य काय बोलली?

"माई, चपला घाल. इथे काटे आहेत."

मग ती गाडीपाशी गेली, चपला काढून आणल्या आणि वाकून आईच्या पायात स्वतः घातल्या. बराच वेळ तिने मान वर केली नाही. माईंचा हात तिच्या डोक्यावर होता.

श्रीपत गोठ्याकडून धावत आला. "रामराम जी, या, खाटेवर बसा," म्हणाला आणि हात जोडून दूरच उभा राहिला. माई त्याला म्हणाल्या, "बसायला नाही आले, जावईबापू. दाखवा काय काय आहे ते." जावईबापू! त्या माणसाचं तोंड मी अजून विसरलो नाही.

मग माई सगळं शेत हिंडल्या. मी मागे मागे. त्या प्रत्येक गोष्टीशी थांबायच्या.

"ही विहीर?"

"आम्ही खणली," गोदूताई म्हणाल्या. "चार वर्षं लागली. खाली काळा खडक निघाला. सगळे म्हणाले सोडून द्या. नाही सोडली."

"आणि ती केळी?"

"मी लावली. इकडे कोणी लावत नव्हतं. हसून राहिले होते लोक. आता आमच्याकडनं पिलं मागून नेतात."

माईंनी विहिरीत वाकून बघितलं. मग माझ्याकडे वळल्या. डोळे भरलेले, पण मान अशी ताठ की काय सांगू. "बघितलंत का, मिस्त्री? माझ्या लेकीची विहीर."

"बघितली, माई," मी म्हणालो. "काम पक्कं आहे." आणि ते होतंच. दगडाचं बांधकाम मी एका नजरेत ओळखतो.

वकीलसाहेब मात्र गाडीतच होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. शेवटी गोदूताई तांब्या घेऊन गाडीपाशी गेल्या.

"दादा, पाणी."

आज तुम्हाला यात काही वाटणार नाही. तेव्हा त्या घरचं पाणी पिणं म्हणजे बऱ्हाणपुरात परत जाऊन भावकीला तोंड देणं होतं, आणि मेलेल्या बापाचा शब्द मोडणं होतं. त्यांनी तांब्याकडे बघितलं. इतका वेळ बघितलं की गोदूताईंचा हात हळूहळू खाली यायला लागला. मग ते दार उघडून उतरले, तांब्या घेतला आणि उभ्या उभ्या सगळा संपवला. पाणी गळपट्टीवरून कोटात गेलं.

"गोड आहे," ते म्हणाले.

"खडकातलं आहे."

"गोदू, त्या पत्राचं उत्तर मी..."

"राहू दे, दादा. जेवून जा."

आम्ही जेवलो. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा. वकीलसाहेबांनी दोनदा भरीत मागून घेतलं.

उन्हं कलायच्या आत निघायचं होतं. निघण्याआधी मी माईंना म्हणालो, "एक फेरी मारायची आहे, तुम्ही बसा." मोकळ्या रानात गाडी पूर्वेला, पश्चिमेला, चारही दिशांना फिरवली. पाचपन्नास माणसं बांधावर उभी राहून हसत होती. काटा शून्यावर. परतीच्या वाटेवर प्रत्येक कोसावर बघितलं, शून्यच. बऱ्हाणपुरात पोचल्यावर मी गाडीचा पुढचा सगळा भाग उलगडला. चार दिवस लागले. एकही गोष्ट चुकीची सापडली नाही. पुढे अकरा वर्षं ती गाडी माझ्याकडे येत होती आणि माई दर महिन्याला तिच्यातून लेकीकडे जात होत्या. पुन्हा ती कधी ओढली नाही.

अनंतराव त्याच आठवड्यात शेडवर आले. चार लोकांसमोर म्हणाले, "मिस्त्री, मी तुमच्या कामाला खोटं म्हणालो. ते शब्द परत घेतो." त्यांनी कोर्टातसुद्धा कधी शब्द परत घेतला नव्हता.

लोक मला वेगवेगळी कारणं सांगतात. माझा पुतण्या इंजिनियर आहे. तो म्हणतो, काका, वकिलांना पत्ता माहीत होता, त्यांचे हातच नकळत तिकडे वळत असणार. पण इच्छापूरला आणि असीरगडला स्टिअरिंग माझ्या हातात होतं, वकील गाडीत नव्हते, आणि गोदूताई जगात आहेत हेही मला ठाऊक नव्हतं. दुसरा कोणी म्हणतो लोहचुंबक. मग ते सरकीच्या पोत्यांना का ओढत नव्हतं? तिसरे म्हणतात आईची माया, मनाची शक्ती. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. म्हणून एकदा, माई खूप थकल्या होत्या तेव्हा, मी त्यांना विचारलं.

"माई, तेव्हा आपण इतकं फिरलो. गाडीत बसलात की तुमच्या मनात गोदूताईच असायच्या ना?"

त्यांनी थोडा वेळ आठवून बघितलं.

"नाही हो, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "तिचा विचार मी कधीच सोडून दिला होता. रोज केला असता तर जगले असते का? गाडीत बसले की मला एकच काळजी असायची, घरी दूध झाकलं की नाही."

त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

गाडी कुठे ओढते ते मी शोधून काढलं, आणि असं शोधलं की दुसरा कुठला मिस्त्री शोधू शकला नसता. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. ओढत कोण होतं, ते मात्र मला माहीत नाही.